तमासगीर की तमाशबीन?

कोर्टकचेरीसाठी मराठी कागद हिंदीत करून देणं हे माझं रोजचं काम. इंदूरच्या मराठी घरांतून असे कागद सारखे निघतात. परवा एक काकू आल्या त्या बसायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, हे वाचा. माझे सासरे असे होते का हो?"

वारसाच्या कामात त्यांच्या यजमानांचा शाळेचा दाखला लावायचा होता. शाळा नारायणगावकडची, यजमान पुढे मिलच्या नोकरीसाठी इकडे आले. दाखल्यात 'पालकाचा धंदा' या रकान्यात टाकानं, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'तमासगीर'. दुसरीकडून करून आणलेल्या भाषांतरात त्याचं झालं होतं 'तमाशबीन'. हिंदीत तमाशबीन म्हणजे तमाशा बघणारा, आणि दुसरा अर्थ ऐयाश, कोठ्यावर जाणारा. नातवानं तो अर्थ मोबाइलवर शोधून घरात सगळ्यांसमोर वाचला होता.

मला भयंकर राग आला. दोन शब्दांत फरक शेवटच्या तुकड्याचा. 'बीन' म्हणजे पाहणारा. आपल्या दुर्बिणीत तोच आहे. 'गीर' म्हणजे धरणारा, हाती घेणारा. आलमगीर म्हणजे जग काबीज करणारा. दोन्ही फारसी. खुद्द 'तमाशा' अरबीतल्या चालण्याच्या धातूवरून आला. फारसीत त्याचा अर्थ आधी फेरफटका, मग फिरताना बघायचा देखावा. मराठीत मात्र तो देखावा उभा करणारा माणूस तमासगीर झाला.

काकूंना यातलं चालणं फार पटलं. दसरा झाला की फड बाहेर पडायचा, तो गावोगावच्या जत्रा करत उन्हाळ्यापर्यंत फिरायचा. सासरे ढोलकी वाजवायचे. घरी टिकत नसत, म्हणून मुलगा आजोळी शिकला. त्या दाखल्यावर गावही आजोळचंच आहे.

या धंद्याला हलकं मानणारे आपल्यातही होते आणि आहेत. शाहीर अनंत फंदींना (१७४४–१८१९) अहिल्याबाईंनी तमाशा सोडून कीर्तन करायला सांगितलं, अशी आख्यायिका आपल्याकडे कौतुकानं सांगतात. मला ते कौतुक पटत नाही. गण, गवळण, बतावणी आणि वग एका रात्रीत उभं करायचं, पहाटे सामान बांधायचं, पुढच्या गावी पुन्हा तेच. ही कामगिरी लहान नव्हे.

मी लिहिलं, 'तमाशा (महाराष्ट्र का लोकनाट्य) के कलाकार', आणि खाली टीप दिली की तमाशबीन हा वेगळा शब्द आहे.

काकूंनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "ढोलकी पण घाला ना." मूळ कागदात नाही ते भाषांतरात घालता येत नाही, असं सांगावं लागलं. शपथपत्रात येईल म्हटलं, तर तिथूनच त्यांनी वकिलांना फोन लावला.