समाजमंदिराचा निधी मागताना अंदाजपत्रकात काय लिहून घ्यायचं

नवी मुंबईत दिघा, इलठणपाडा, तुर्भे स्टोअर, इकडे ठाण्यात लोकमान्य नगर, किसन नगर, खाली कळवा-मुंब्रा. या वस्त्यांमध्ये समाजमंदिर, अभ्यासिका किंवा बालवाडीसाठी निधी मिळवायला वर्ष-दोन वर्षं पाठपुरावा लागतो. एवढं करून इमारत उभी राहते आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारा ते पाच तिथे कोणी बसू शकत नाही. वर तापलेला पत्रा, निम्म्याच उघडणाऱ्या खिडक्या, गरम हवाच फिरवणारे जुने पंखे. त्यात वीजबिल थकलं की जोडणी तुटते आणि कुलूप लागतं.

हे टाळायची खरी संधी एकदाच मिळते: अंदाजपत्रक तयार होत असताना. तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळाल्यावर नवी बाब घुसवायची तर सुधारित अंदाजपत्रक करावं लागतं, आणि एका पंख्यासाठी ती फाइल पुन्हा कोणी फिरवत नाही. ठेकेदार अंदाजपत्रकात लिहिलेलंच देणार. म्हणून आमदार-खासदारांचं शिफारसपत्र मिळाल्याबरोबर कनिष्ठ अभियंत्याकडे जाऊन बसा.

पैसा कुठून येतो ते थोडक्यात. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, खासदारांचाही ५ कोटी. खासदार निधीत किमान १५ टक्के कामं अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवणं अपेक्षित असतं, त्यामुळे आपली वस्ती त्यात बसत असेल तर पत्रात तसं स्पष्ट लिहा. शहरी भागात लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना आहे, आदिवासी पाड्यांसाठी ठक्कर बाप्पा योजना आहे. ठाणे जिल्ह्याचं आदिवासी प्रकल्प कार्यालय शहापूरला आहे. कातकरी वाड्यांसाठी पीएम-जनमन या अतिमागास आदिवासींसाठीच्या केंद्राच्या योजनेमध्ये बहुउद्देशीय केंद्राला ६० लाख रुपये धरले आहेत. मुंब्र्यासारख्या ठिकाणी प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रमाचा विचार करावा. त्यात सद्भाव मंडप, म्हणजे सामुदायिक सभागृह बसतं, केंद्र-राज्य वाटा ६०:४० असतो आणि इमारतीच्या १५ किलोमीटर परिघात अल्पसंख्याक लोकसंख्या २५ टक्क्यांहून जास्त असावी लागते.

एका योजनेबद्दल मात्र सारखा गैरसमज होतो. पीएम सूर्यघर या छतावरच्या सोलरच्या योजनेचं अनुदान घरांना आणि गृहनिर्माण संस्थांना आहे. महापालिकेच्या मालकीच्या समाजमंदिराला ते मिळत नाही. त्याच्या छतावरचा सोलर मूळ कामाच्या निधीतून, महापालिकेच्या अंदाजपत्रकातून किंवा टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) करावा लागतो.

जागेचा कागद आधी बघा. नवी मुंबईतल्या बऱ्याच झोपडपट्ट्या एमआयडीसीच्या जमिनीवर आहेत, येऊरचे पाडे वनहद्दीत आहेत. जमीन ज्याची, त्याचा ना हरकत दाखला नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. शहापूर-मुरबाडकडच्या वनजमिनीवरच्या पाड्यांसाठी वनहक्क कायद्याचं कलम ३(२) उपयोगी पडतं. १ हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस आहे, या अटींवर समाजकेंद्र, अंगणवाडी, शाळा अशा १३ प्रकारच्या सोयींसाठी जमीन देता येते. लोक वर्षानुवर्षं केंद्राच्या वनसंवर्धन मंजुरीची वाट बघत बसतात, आणि हा रस्ता मोकळाच असतो.

आता मुख्य विषय. उदाहरणासाठी ३० बाय २० फुटांचं सभागृह धरू, म्हणजे ६०० चौरस फूट. वस्तीतलं समाजमंदिर साधारण एवढंच असतं.

आधी छप्पर, कारण एकमजली इमारतीत सगळ्यात जास्त उष्णता तिथूनच येते. स्लॅब परवडत असेल तर त्यावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर), उतार १०० ला १, आणि वर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. जलरोधन आणि ऊन परतवणं ही दोन्ही कामं एकाच थरात होतात. पांढरा उष्णतारोधक रंग त्याहून स्वस्त पडतो आणि पहिल्या उन्हाळ्यात फरकही जाणवतो. पण आपल्याकडच्या पावसात त्यावर शेवाळ चढतं, काळपट थर बसतो आणि रंगाचा गुण उतरतो. रंगच लावायचा असेल तर दिवाळीनंतर गच्ची घासून, पूर्ण सुकवून, प्रायमर आणि दोन हात, आणि दर फेब्रुवारीत धुणार कोण हे आधीच ठरवलेलं हवं. कोब्याचं काम झाल्यावर गच्चीवर ४८ ते ७२ तास पाणी साठवून चाचणी घ्या. जूनमध्ये पाऊसच ती चाचणी घेईल म्हणून सोडून देऊ नका, तोवर ठेकेदाराचं देयक निघून गेलेलं असतं.

पत्राच असेल तर साधा रंगीत पत्रा घेऊ नका. मध्ये ५० मिलिमीटर पफ (उष्णतारोधक फोम) भरलेला सँडविच पॅनल मागा. उष्णता तर कमी होतेच, शिवाय पावसाचा आवाज दबतो. साध्या पत्र्याखाली जुलैत अभ्यासिका चालवून बघा, शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. पॅनल कापल्यावर उघडी पडलेली कडा झाकणपट्टीने बंद केली नाही तर खाडीच्या खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांतच गंज धरतो. ही झाकणपट्टी अंदाजपत्रकात वेगळी लिहून घ्या, नाहीतर ती येतच नाही.

खिडक्यांचा हिशेब मुद्दाम करून दाखवतो, कारण इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि ती कोणी जाणूनबुजून करतही नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार आपल्यासारख्या दमट-उष्ण हवामानात खिडक्यांचं उघडं क्षेत्रफळ जमिनीच्या एक षष्ठांश असावं. ६०० चौरस फुटांना १०० चौरस फूट झाले. नकाशात ४ बाय ५ फुटांच्या पाच खिडक्या दाखवल्या की कागदावर १०० पूर्ण होतात. पण दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते. म्हणजे प्रत्यक्षात ५०, आणि त्यावर मच्छरजाळी लावली की हवा आणखी घटते. तेवढ्याच खिडक्या बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांच्या केल्या की १०० पुरे मिळतात. दरात थोडा फरक पडतो, तो सोसावा. पल्ल्यांना हवेचे हूक लावायला विसरू नका, वादळी वाऱ्यात काचा फुटल्या की लोक खिळे मारून खिडक्या कायमच्या बंद करतात.

समोरासमोरच्या दोन भिंतींत खिडक्या असतील तरच हवा खेळते. वस्तीत दोन बाजूंना शेजाऱ्याची भिंत चिकटलेली असते, तेव्हा हवा वर न्यायची. छपराचा मधला भाग दोन फूट उंच घेऊन दोन्ही बाजूंनी झडपा ठेवायच्या. पाऊस नैऋत्येकडून मारतो, म्हणून त्या बाजूच्या झडपा तिरक्या पट्ट्यांच्या हव्यात आणि छज्जा ६०० ऐवजी ७५० मिलिमीटरचा. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी नकोच. तिथे भांडारखोली आणि स्वच्छतागृह टाका, दुपारचं ऊन तेच अडवतील.

भिंतीला एएसी (सच्छिद्र काँक्रीटचा) ब्लॉक चांगला, हलका असतो आणि उष्णता कमी आत सोडतो. मात्र ब्लॉक आणि आरसीसी कॉलम यांच्या सांध्यावर जाळी न मारता गिलावा केला की पहिल्याच वर्षी उभी चीर पडते आणि तिथून पाणी शिरतं. दोष ब्लॉकचा नसतो, जाळीचा असतो.

पंखे आणि दिव्यांचं गणित बघा. या सभागृहाला सहा पंखे लागतात. जुना पंखा ७५ वॅट, म्हणजे सहाचे ४५०. बीएलडीसी पंखा (ब्रशलेस मोटरचा, कमी वीज खाणारा) ३० वॅटच्या आसपास, सहाचे १८०. दिवसाला १० तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ८१० युनिट वाचतात. आठ जुन्या ट्यूबलाइट चोकसकट ५० वॅटच्या, त्याजागी २० वॅटच्या एलईडी, रोज ५ तास: आणखी ३६० युनिट. पंख्यामागे जास्तीचे हजार-दीड हजार रुपये यातून भरून निघतात. वस्तीत संध्याकाळी विजेचा दाब पडतो तेव्हा साधा पंखा मंदावतो, चांगला बीएलडीसी तसाच फिरत राहतो. हा फायदा बिलात दिसत नाही, तो तिथे बसणाऱ्यांना कळतो.

बीएलडीसीमध्ये दोन गोष्टी बिघडतात. पहिली, रिमोट. सार्वजनिक जागेत सहा रिमोट सहा महिनेही टिकत नाहीत, मग पंखा एकाच वेगावर अडकतो. त्यामुळे भिंतीवरून वेग बदलता येणारा प्रकार मागायचा, आणि त्याला कंपनीचंच नियंत्रक लावायचं. जुना रेग्युलेटर तसाच ठेवून जोडला तर आतलं सर्किट जळतं. दुसरी, विजेचे झटके. न्यूट्रल सैल असेल किंवा अर्थिंग नावापुरतं असेल तर एका पावसाळ्यात तीन-चार पंखे बंद पडतात. मुख्य पेटीत सर्ज संरक्षक आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), दोन्ही बाबी अंदाजपत्रकात हव्यात. दिव्यांच्या ओळी खिडकीला समांतर जोडा आणि प्रत्येक ओळीला वेगळं बटण द्या, म्हणजे दिवसा खिडकीलगतची ओळ बंद ठेवता येते.

बीएलडीसी पंखा, सँडविच पॅनल अशी बाब चालू दरसूचीत नसेल तर अभियंता ती टाळतो, कारण नॉन-एसएसआर (दरसूचीबाहेरच्या) बाबीला दर पृथक्करण, म्हणजे दर कसा आला त्याची फोड, करावं लागतं आणि तीन दरपत्रकं जोडावी लागतात. त्याच्याकडे चाळीस कामं असतात. तेव्हा ही दरपत्रकं जमवायला मदत करा. बाबीचं वर्णन मात्र नेमकं लिहून घ्या. नुसतं ‘ऊर्जाबचत करणारा पंखा’ असं लिहिलं तर काहीही बसवता येतं. असं हवं: ‘छताचा पंखा, १२०० मि.मी., बीएलडीसी, कमाल ३५ वॅट, हवा किमान २१० घनमीटर प्रति मिनिट, बीईई ५ तारांकित, भिंतीवरील नियंत्रकासह, ३ वर्षे हमी, नग ६.’ ‘किंवा समतुल्य’ हे शब्द काढता येत नाहीत, पण वॅट आणि हवेचा आकडा लिहिलेला असला की समतुल्य म्हणून काय खपवता येईल त्याला मर्यादा पडते. माल आला की खोका उघडून पाटीवरचे वॅट वाचा. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे ज्यावरून देयक निघतं त्या वहीत, नोंद होण्याआधी वाचा.

सोलरची मागणी सर्वांत शेवटी ठरवावी, असं माझं ठाम मत आहे. लोक आधी ५ किलोवॅट मागतात. वरच्या सभागृहाचे पंखे-दिवे बदलले की त्यांना वर्षाला ५४० आणि २४०, म्हणजे ७८० युनिट पुरतात. पंप आणि दोन संगणक धरले तरी हजार-बाराशे. आपल्याकडे १ किलोवॅट सोलर वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट देतो. म्हणजे ५४० वॅटचे दोन पॅनल पुरतात आणि जागा जेमतेम १०० चौरस फूट लागते. नेट मीटरमध्ये (सोलरची जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करणाऱ्या मीटरमध्ये) वर्षअखेर उरलेल्या युनिटचा दर आपल्या खरेदीदरापेक्षा कमी असतो, त्यामुळे गरजेपेक्षा मोठा संच बसवून हाती काही लागत नाही. तो पैसा छपरावर घाला.

सोलरची तपासणी करताना सांगाडा गरम-बुडी गॅल्वनाइज्ड आहे का आणि नटबोल्ट स्टेनलेस आहेत का ते बघा. वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरून आरेखन केल्याचा अभियंत्याचा दाखला घ्या. डीसी बाजू, एसी बाजू आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांना तीन स्वतंत्र अर्थिंग हवेत. शेजारी उद्या दुसरा मजला चढला तर सावली कुठे पडेल याचा अंदाज वस्तीतल्या माणसांनाच असतो, ठेकेदाराला नसतो. आणि बॅटरीशिवायचा संच वीज गेली की बंद पडतो, तो बिघाड नव्हे, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

वीजजोडणीचं काम स्लॅब पडण्याआधी सुरू करा. मंजूर भार सोलरच्या क्षमतेपेक्षा कमी नको आणि जोडणीवर थकबाकी नको. कळवा-मुंब्रा-शीळ भागात मार्च २०२० पासून महावितरणची फ्रँचायझी टोरेंट पॉवर आहे, अर्ज त्यांच्याकडे जातो. इतरत्र थेट महावितरणकडे. दरवर्गाकडेही नीट बघा. महापालिकेची अभ्यासिका किंवा वाचनालय सार्वजनिक सेवा-शासकीय या वर्गात बसतं. तेच सभागृह लग्नाला भाड्याने दिलं की अनिवासी दर लागू होऊ शकतो आणि बिल चढतं. दोन्ही उपयोग असतील तर अभ्यासिकेला वेगळं मीटर घ्या.

बिल कोण भरणार हेही कागदावर यायला हवं. खासदार निधीत तर वापरणाऱ्या संस्थेकडून देखभालीची हमी कामाआधीच अपेक्षित असते. हस्तांतरणाच्या वेळी पंखे, इन्व्हर्टर आणि पॅनलची हमीपत्रं, जलरोधनाचं हमीपत्र, वायरिंगचा नकाशा आणि दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष फुकट दुरुस्त करून द्यायची मुदत) संपण्याची तारीख, एवढं सगळं एका फायलीत सहीशिक्क्यासह घ्या. त्या तारखेच्या आधीच्या पावसाळ्यात एकदा गच्ची, सांधे आणि अर्थिंग तपासून दोषांची यादी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेली गळती दुरुस्त होत नाही, कारण ठेकेदाराची अनामत रोखून धरायला अभियंत्याकडे कागद लागतो.