काळा कुत्रा, मोतिया साडी, सव्वासहाची वेळ

आमच्या फोटोग्राफीच्या धंद्यात ज्याला गोल्डन अवर म्हणतात, तो पुण्यात तासभर टिकत नाही. सूर्य क्षितिजापासून सहाएक अंशांवर आला की ऊन पिवळं आणि मऊ व्हायला लागतं. तिथून तो बुडेपर्यंत आपल्याकडे जेमतेम अर्धा तास. बुडाल्यावर मागे राहणारा संधिप्रकाश तेवीस-चोवीस मिनिटं. जुन्या मापात सांगायचं तर आधी सव्वा घटका, नंतर एक घटका, की दुकान बंद. लंडनला जूनमध्ये सूर्य तिरका घसरत जातो, म्हणून तिथे नुसता मागचा संधिप्रकाशच पाऊण तास पुरतो. यूट्यूबवर फोटोग्राफी शिकवणारी बरीचशी मंडळी त्या बाजूची. ती खुशाल सांगतात, घाई करू नका, हवा तेवढा वेळ घ्या. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. इथे सूर्य उतरत नाही, पडतो.

हे सगळं मी काकूंना फोनवर सांगितलं होतं. काकू म्हणजे माझ्या क्लायंट. पहिल्यांदा मी मॅडम म्हणाले, तर “मॅडम ऑफिसात होते, आता काकू म्हण” असा निकाल लागला. सीए म्हणून आयुष्यभर लोकांचे ताळेबंद तपासले, आता निवृत्त. साठी जवळ आली तशी भाचेमंडळींनी फोटोशूटची टूम काढली. काकूंच्या अटी दोन. एकटीचे फोटो नकोत, ब्रूनो आणि भुरी ही कुत्री बरोबर हवीत. आणि स्टुडिओ नको, वेताळ टेकडी हवी, कारण ते तिघं रोज संध्याकाळी तिथेच असतात.

“पाचला भेटू,” मी म्हटलं.

“सूर्यास्त सव्वासहाला आहे.” जानेवारीचा मध्य होता, त्यांचा हिशेब बरोबर होता. “मग पाचपासून काय करायचं?”

“कुत्र्यांना माझी सवय व्हायला हवी.”

“त्यांना कोणाचीही दोन मिनिटांत होते. मला होईल का ते बघ.”

त्यांनी स्वतःला बरोबर ओळखलं होतं. कुत्री येऊन माझी बॅग हुंगून, तिच्यात खाण्याचं काही नाही याची खात्री करून मोकळी झाली. काकू मात्र कॅमेरा वर गेला की आधार कार्डाच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या ताठ. हनुवटी आत, खांदे वर, ओठ मिटलेले. हसा म्हटलं की हसतात आणि मग ते हसू पुढची सूचना येईपर्यंत तसंच ठेवतात. माणसं घेऊन काम करणाऱ्याचा अर्धा वेळ हा चेहरा उतरवण्यात जातो. लग्नात तो जेवणाच्या पंगतीला उतरतो, तेही वाढपी जिलेबी घेऊन आला तर.

कपड्यांबद्दल मी आधीच सुचवलं होतं, मधल्या रंगाचं काहीतरी घाला. काकू मोतिया रंगाची सुती साडी नेसून आल्या, कारण ती त्यांना आवडते. ब्रूनो काळाकुट्ट लॅब्रॅडॉर. आता, कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची समजूत अशी असते की जग सरासरीने राखाडी आहे, अंगावर पडलेल्या उजेडातला अठराएक टक्के परत पाठवणारं. ब्रूनोने चौकट भरली की मीटर म्हणतं, फार काळोख झाला, उजेड वाढवा. मग ब्रूनो राखुंडीच्या रंगाचा होतो आणि साडीचं सूतच दिसेनासं होतं, नुसता पांढरा भपका. साडीवर मोजावं तर ब्रूनोच्या जागी कुत्र्याच्या आकाराचं भोक. यातली पुढची भानगड मी दर वेळी एकाच बाजूने सोडवते: साडी सांभाळायची आणि काळ्याला काळं राहू द्यायचं. फाइलमध्ये काळोखातून थोडं काही नंतर ओढून काढता येतं, जळलेल्या पांढऱ्यातून काहीच निघत नाही. राहिली भुरी. सुकल्या गवताच्या रंगाची, मध्यम अंगाची गावठी कुत्री. मीटरच्या स्वप्नातलं जग असंच असणार, सगळीकडे भुरीच भुरी.

भुरीच्या एका कानाला खाच आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी केली की ओळखीसाठी कानाचा तुकडा कापतात, ती खाच. सोसायटीच्या पार्किंगमधून ती काकूंच्या घरात कशी शिरली, याची कथा त्यांनी दोन वाक्यांत संपवली: “पावसाळा होता. मग राहिलीच.” मी तिला दुसऱ्या अंगाला बसवत होते, खाच दिसू नये म्हणून. काकूंनी तिला उचलून परत फिरवली. “तो कान इकडे हवा. तिची सगळी कागदपत्रं त्या कानावर आहेत.”

पट्ट्यांचाही प्रश्न निघाला. टेकडीवर मोर आहेत, त्यामुळे कुत्री मोकळी सोडायची नाहीत, हे काकूंचं आणि माझं बोलल्याशिवाय ठरलेलं. मी म्हटलं, पट्टे असू देत, नंतर कॉम्प्युटरवर काढून टाकते. सगळेच काढतात.

“म्हणजे पट्टा असणार आणि फोटोत नसणार?”

“हो.”

“ही खोटी नोंद झाली.”

पट्टे फोटोत राहिले. दोन्ही लाल.

लाल रंगावरून आठवलं. काकूंनी एक लाल चेंडू आणला होता, तो कुत्र्यांचं लक्ष वेधायला मी डोक्यावर धरावा म्हणून. मी माझ्या बॅगेतला निळा काढला. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, कुत्र्याच्या डोळ्यांत दोनच. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. त्याच्या जगाचे ठळक रंग दोन, निळा आणि पिवळा. जानेवारीतलं टेकडीवरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, त्यावर निळा चेंडू त्याला लांबून दिसतो. काकू हे ऐकून चेंडूच्या दुकानदारावर रागावल्या. मी मात्र ज्या ज्या वेळी हे कुणाला सांगते, त्या त्या वेळी त्यात अडकते. आम्ही फोटोवाले ज्या घटकेसाठी जीव टाकतो ती आधी पिवळी असते आणि मग निळी. कुत्र्याला दिसतात नेमके तेच दोन रंग. वरचा केशरी-लाल शिडकावा, ज्याचे लोक मोबाइलवर फोटो काढतात, तेवढा त्याच्या खिजगणतीत नाही. बाकी सगळा खेळ त्याच्याच रंगात चाललेला असतो, आणि त्याला त्याचं काही नाही.

सूर्य बावधनच्या इमारतींच्या मागे टेकला तेव्हा माझ्याकडे धड म्हणावा असा जेमतेम एक फोटो होता. गवतातली कुसळं काकूंच्या निऱ्यांना आणि ब्रूनोच्या पोटाला चिकटली होती. काकू एका हाताने पट्टा धरून दुसऱ्या हाताने कुसळं उपटत होत्या. कुसळ पंज्याच्या बोटांमध्ये शिरलं तर आतच चालत जातं आणि मग डॉक्टरकडे पळावं लागतं, असं त्यांनी मला खाली बघूनच सांगितलं. ब्रूनोला सूचना इंग्रजीत मिळत होत्या, सिट, स्टे, नो. लाड मराठीत. भुरीला सूचनाही मराठीत, “बस गं बाई जरा.” भुरी एकाही भाषेत बसत नव्हती.

इथून पुढे नुसती आकडेमोड असते. धावत्या कुत्र्याला चित्रात थांबवायचं तर शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपासच उघडं राहायला हवं. ऊन होतं तोवर ते सहज मिळत होतं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, चारशेवर. ऊन गेलं की उजेड निम्मा होतो, थोड्या वेळाने त्याच्या निम्मा, मग त्याच्याही निम्मा. दर निम्म्याला काहीतरी द्यावं लागतं. भिंग आधीच पूर्ण उघडं, एफ २.८, तिथे द्यायला काही उरलेलं नाही. आयएसओ चढवावा तर फोटोत रव्यासारखे दाणे दिसायला लागतात. शटर सावकाश करावं तर शेपूट जाते. माणूस साठांश सेकंदाला थांबतो, बसलेल्या लॅब्रॅडॉरचं धडही थांबतं, पण शेपूट स्वतंत्र कारभार करते. २०१९ साली सोनीच्या कॅमेऱ्यांत जनावराचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरायची सोय आली, पाठोपाठ इतरांकडेही आली, आणि आमचं आयुष्य सुखाचं झालं. पण काळ्या तोंडावरचा काळा डोळा, तोही दिवेलागणीला, हे गणित अजून त्या यंत्राला नीट सुटत नाही. फोकसचा चौकोन डोळ्यावरून नाकावर, नाकावरून काकूंच्या बांगडीवर उड्या मारत होता.

“फ्लॅश मार की,” काकू म्हणाल्या.

फ्लॅश मी मारत नाही. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे एक चकाकता थर असतो. आत शिरलेला उजेड एकदा पडद्यातून गेला की तो थर त्याला परत फिरवतो, म्हणजे त्याच उजेडाचा दोनदा उपयोग. रात्री गाडीच्या दिव्यात कुत्र्यांचे डोळे हिरवे-पिवळे पेटतात ते यामुळे. समोरून फ्लॅश पडला की साठीच्या फोटोत काकूंच्या दोन्ही बाजूंना दोन भुतं. बाजूने, लांबून टाकला तर ते टळतं, पण मग स्टँड, छत्री, ते धरायला एक मुलगा, आणि मुख्य म्हणजे समोरची संध्याकाळ पुसली जाते. ती पुसायची असती तर स्टुडिओत पंखा होता.

त्याच थराचा दुसरा अर्थ मला तिथे दगडावर बसून, दमून, लेन्स पुसताना लागला. उजेड गेला हे माझं मत होतं. कॅमेऱ्याचंही. ब्रूनो-भुरीचं नव्हतं. कुत्र्यांचे डोळे मंद उजेडासाठीच घडलेले, त्यामुळे उन्हात जीभ काढून बसलेली ती जोडी आता कुठे ताजीतवानी झाली होती. काकूंचंही नव्हतं. त्या रोज याच वेळी इथे येतात, उन्हाला कधीच नाही. उभ्या-उभ्या ताटकळलेली बाई आता खाणीच्या वाटेने पट्टे धरून चालायला लागली होती. खांदे खाली आले होते. हनुवटी जिथली तिथे होती. त्या कुत्र्यांना कुठल्यातरी शेजाऱ्याबद्दल काहीतरी सांगत होत्या आणि भुरी, जी तासभर बसत नव्हती, ती बरोबर पावलाला पाऊल लावून चालत होती. आजूबाजूला फिरायला आलेली माणसं, पळणारी मुलं, गिरिपुष्पाच्या झाडाखालचं आजोबांचं मंडळ, कुणालाही कसली घाई नव्हती. टेकडीवर घाईत मी एकटी.

मग मी सूचना देणं सोडलं आणि मागे-पुढे चालत राहिले. मध्येच झाडीतून मोर ओरडला. त्यासरशी दोन्ही कुत्र्यांचे कान उभे, माना एका दिशेला. यासाठी लोक शिट्ट्या आणि चूं-चूं करणारी खेळणी विकत घेतात. काकूंनीही तिकडेच पाहिलं. तिघांपैकी कॅमेऱ्याकडे कोणी नाही.

नाही तर नाही. दत्ताच्या तसबिरी आठवून पाहा. चार कुत्री, मागे गाय. बऱ्याच तसबिरींत ती कुत्री आपल्याकडे बघत नाहीत, दत्ताकडे बघतात. जेजुरीच्या खंडोबाच्या चित्रात कुत्रं घोड्याबरोबर धावत असतं, त्याला तर मान वळवायलाही सवड नाही. चित्रकाराच्या हातात सगळं होतं, त्याने ठरवलं असतं तर चारही कुत्र्यांना समोर बघायला लावलं असतं. त्याने तसं केलं नाही, आणि शेकडो वर्षांच्या या धंद्यातला तो शहाणा माणूस होता असं मला वाटतं. मी मात्र कुत्र्यांनी समोर बघावं म्हणून तोंडाने मांजराचे आवाज काढते आणि त्याचे पैसे घेते.

फोटो निवडायला काकू घरी आल्या, बरोबर वही. माझ्या मते सगळ्यांत चांगला फोटो उन्हातला होता. एकदाच कुसळांतून डोकं वर काढून काकू हसल्या होत्या, ब्रूनोच्या पाठीवर पिवळी कड आली होती, भुरीचा खाचेचा कान ऐन उन्हात. तो त्यांनी भाच्यांना पाठवायला म्हणून घेतला. घरातल्या भिंतीसाठी त्यांनी शेवटच्या फायलींपैकी एक काढली. आयएसओ सहा हजार चारशे. खाणीची वाट, आकाश निळंजांभळं, मोतिया साडी तेवढी उजेड धरून राहिलेली, बाजूला भुरी गवतात जवळजवळ मिसळलेली. ब्रूनो म्हणजे एक काळा आकार, एक ओला ठिपका नाकाचा आणि लोंबणारी जीभ.

“काकू, यात ब्रूनो दिसत नाहीये.”

“आहे ना तो तिथे?”

“आहे.”

“मग मला दिसतो. हा किती पडेल, बारा बाय अठरा? फ्रेम धरून सांग.”

फाइल मी लॅबला पाठवली. आजकाल तिथे प्रत्येक फोटो छापण्याआधी आपणहून उजळवतात, गिऱ्हाइकाला अंधार आवडत नाही या समजुतीने. पहिली प्रिंट आली ती दुपारी काढल्यासारखी. ब्रूनो राखुंडीच्या रंगाचा, आकाश धुतल्या बनियनसारखं, सगळीकडे रवाच रवा. मी फोन केला आणि म्हटलं, करेक्शन न मारता पुन्हा छापा.

“मॅडम, फोटो अंडर आहे हो. सगळं काळं आलंय.”

“कुत्रा काळाच आहे.”

“आणि बाकीचं?”

“बाकी संध्याकाळ आहे.”

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “लेखी द्या. नंतर आमच्यावर नको.”

मी लेखी दिलं. काकूंना ते फार पटलं.