आमची वाटचाल : वाफ्यापासून फर्म्यापर्यंत

सुरुवात एका चिठ्ठीपासून झाली. शेत छोटं, राबणारी घरचीच माणसं, आणि ठरलेल्या घरांना आठवड्याला भाजीची टोपली पोचवायची असा आमचा धंदा. टोपलीत काय जाणार हे आम्ही नाही, शेत ठरवायचं. कोबी एकदम तयार झाला की सलग चार आठवडे कोबी. मग फोन सुरू व्हायचे, ‘अहो, एवढ्या कोबीचं करायचं काय?’ एकेकाला सांगून तोंड दुखायला लागलं तेव्हा मी अर्ध्या कागदावर एक कृती लिहिली आणि तिच्या प्रती टोपल्यांत टाकल्या. त्या आठवड्यात एकही तक्रार आली नाही. पुढच्या आठवड्यात मात्र दोघांनी विचारलं, ‘या वेळची चिठ्ठी कुठाय?’

त्या चिठ्ठ्यांचं पुस्तक व्हायला चार वर्षं लागली. आज ११ वर्षांनंतर आमच्या घरगुती प्रकाशनाची तीन पाककृतींची पुस्तकं आहेत आणि टोपल्याही चालूच आहेत. दोन्ही कसं जमवता, असं कुणी ना कुणी विचारतंच. पहिली दोन वर्षं अजिबात जमलं नाही.

मी नेम केला होता : रोज पहाटे दोन तास लिहायचं. आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी वाफसा आला. मातीत हात न घातलेल्यांसाठी सांगते. माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचलं तर तो सहज फुटतो, ही जमिनीची अवस्था म्हणजे वाफसा. त्याच्या आधी घाई केली तर माती दाबली जाते, ढेकळं होतात. उशीर झाला तर कुदळ उडते. हे दिवस मोजकेच मिळतात, आणि दुसरं प्रकरण काय, उद्याही लिहिता येतं. असे उद्या जमत गेले. वर्षाच्या शेवटी माझ्याकडे नऊ पानं होती, आणि घरात सगळ्यांवर चिडचीड करून झाली होती.

मग यजमान म्हणाले, ‘शेताचा हिशेब तू रोजचा मांडतेस का? वर्षाचाच मांडतेस ना?’ पेरणीत पैसे जातात, तोडणीला येतात. लिखाणाचंही तसंच केलं. लावणी आणि तोडणीच्या महिन्यांत लिखाण बंद, फक्त वजन आणि नोंद. स्वयंपाक काही चुकत नाही, रोज होतोच. भांडं काट्यावर ठेवायचं, आकडा टिपायचा, पुढे जायचं. टिपायला बियाण्याची रिकामी पाकिटं. शेत निवांत झालं की पाकिटांचा डबा उलटा करायचा आणि तेव्हा सलग लिहायचं. काही पाकिटांवर नुसतंच ‘१२ मिनिटं, करपलं’ असं सापडतं. कशाचं, ते मलाही आठवत नाही.

या व्यवस्थेला एक भोक आहे, आणि ते टोमॅटोने दाखवलं. रोप लावल्यापासून साधारण ६० ते ८० दिवसांनी फळ पिकतं, मग काही आठवडे धबधबा, मग संपलं. त्या आठवड्यांत कृती तीनदा करून पाहिली नाही तर पुढची संधी पुढच्या हंगामात. टोमॅटो विकत मिळतात हो, पण पुस्तकात ‘शेतातल्या पिकलेल्या टोमॅटोचा’ असं लिहून कच्चे तोडून पिकवलेले वापरायचे, तर पाण्याचं प्रमाण वेगळं, आटायला लागणारा वेळ वेगळा. एक वर्ष तोडणीतून डोकं वर काढता आलं नाही आणि अख्खं पुस्तक वर्षभर थांबलं. तेव्हापासून हंगामातला एक दिवस चाचणीचा. त्या दिवशी तोडणी दुसऱ्यांच्या अंगावर पडते आणि त्यावरून घरात थोडी धुसफूस होते, ती होऊ देतो.

टोमॅटोचाच आणखी एक किस्सा. बाटलीबंद करून साठवण्याच्या कृतीत आंबटपणा मोजून लागतो. सामू (म्हणजे pH; तो जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या वर गेला तर हवाबंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार करणारे जंतू वाढू शकतात, आणि टोमॅटो नेमका या रेषेच्या अलीकडेपलीकडे असतो. म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीला १ मोठा चमचा लिंबाचा रस आधी घालायचा, आणि त्यानंतर बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या त्या वेगळ्या. इथवर ठीक. पण रस विकतचा, बाटलीतला हवा, कारण त्याचा आंबटपणा ठरलेला असतो, झाडावरच्या लिंबांचा कमीजास्त होतो. दाराशी लिंबं लगडलेली आणि मी लिहितेय, ‘बाटलीतला रस घ्यावा’! सासूबाईंनी ते पान वाचून चष्मा काढून ठेवला. वाक्य मात्र तसंच छापलं. चवीसाठी लिंबू आणि टिकण्यासाठी लिंबू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आमची फजिती. पहिल्या आवृत्तीत खारवलेल्या कोबीची कृती होती. बारीक चिरलेल्या १ किलो कोबीला वजनाच्या सुमारे अडीच टक्के मीठ, म्हणजे २५ ग्रॅम, चोळून तो स्वतःच्याच पाण्यात बुडवून आंबवायचा. मी लिहिलं ‘४ चमचे मीठ’. माझ्या डोक्यात चहाचा चमचा. बारीक मीठ चहाच्या चमच्यात ६ ग्रॅमच्या आसपास मावतं, हिशेब बरोबर. पण त्याच पानावर वर ‘मोठा चमचा’ येऊन गेला होता, आणि वाचणाऱ्यांनी तोच उचलला. सत्तरेक ग्रॅम! एका बाईंचा फोन आला, ‘कोबी दोन आठवडे झाले तसाच आहे, आंबतही नाही आणि खाववतही नाही.’ आंबेल कसा, तिप्पट मिठात ते आंबवणारे जीव काम करत नाहीत. मुद्रितशोधन दोनदा झालं होतं, पण मुद्रितशोधक ‘चमचे’ शुद्ध लिहिलंय का ते बघणार, कुठले चमचे ते कसं बघणार? शिल्लक प्रतींमध्ये शुद्धिपत्र चिकटवलं. रात्री जेवणं झाल्यावर सगळं घर डिंकाची बाटली घेऊन बसायचं. दुसऱ्या आवृत्तीपासून मीठ फक्त ग्रॅममध्ये.

अंड्यांनी दुसरा धडा दिला. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, नुकती अंडी घालायला लागते तेव्हा ती अंडी बारकी असतात. केकची कृती मी त्याच अंड्यांवर बसवली आणि लिहिलं ‘४ अंडी’. वाचकांच्या घरी मोठी अंडी, त्यांचा केक मधे ओला. आता अंडी कवचाशिवाय किती ग्रॅम, ते लिहिते. वाचायला रुक्ष आहे, कबूल. शिवाय दिवस लहान झाले की कोंबड्या पिसं गाळतात आणि अंडी घालणं कमी करतात, कधी बंदच. माझा लिखाणाचा निवांत काळ नेमका तोच. त्यामुळे शेतावर कोंबड्या असून केकचं प्रकरण दुकानातून आणलेल्या अंड्यांवर तपासलं. बाहेरून पाहणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल, आम्हालाही वाटलं.

आमचे सगळ्यात कडक परीक्षक म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनी आयुष्यात चहापलीकडे काही केलं नव्हतं, म्हणूनच त्यांना नेमलं. नियम एकच : मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, त्यांनी कागदावर असेल तेवढंच करायचं. पहिल्याच दिवशी आतून हाक आली, ‘वहिनी, कांदा पारदर्शक झाला का ते कसं कळणार?’ जाऊन पाहते तो भावजी चिमट्यात कांद्याची एक फोड धरून खिडकीकडे तोंड करून उभे, एक डोळा मिटलेला. ‘पलीकडचं झाड दिसत नाहीये अजून.’ मी हसले, ते हसले नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. आता आमच्या पुस्तकात तिथे असं आहे : ‘फोडींचा पांढरेपणा जाऊन त्या चमकू लागतील आणि कडा मऊ पडतील, मध्यम आंचेवर ८ ते १० मिनिटं.’ ‘चवीपुरतं’, ‘अंदाजाने’, ‘घट्टसर’ हे शब्द त्यांनी असेच एकेक करून हद्दपार केले. ‘मंद आंच’ अजून शाबूत आहे, पण त्यांची तिच्यावर नजर आहे.

छायाचित्रांचा दिवस हा खर्चाचा दिवस. छायाचित्रकार एकदाच येणार, पदार्थ बारा, आणि उजेड हवा तो सकाळचा. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, तारीख आम्ही नीट मोजली होती, मधे चार दिवस मोकळे ठेवले होते. शेळी चार दिवस आधी व्यायली. दोन करडं, त्यातलं एक उभंच राहीना. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला पाहिजे, नाहीतर पिल्लाची रोगांशी लढायची ताकदच तयार होत नाही. यजमान गोठ्यात, मी करडाला मांडीवर घेऊन बाटलीने थेंब थेंब पाजतेय, आणि स्वयंपाकघरात भावजी एकटे बारा पदार्थ मांडतायत. तिसऱ्या पुस्तकात पान ५८ वर वाटी कडेला सांडलेली दिसते, ती मुद्दाम सांडलेली नाही. करडू मोठं झालं, आता तीच शेळी दरवर्षी फाटकाच्या फळ्या मोडते.

छपाईचं गणित शेतीपेक्षा सोपं, पण निर्दयी. पुस्तक १६ पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांत, बसवावं लागतं. १० फर्मे म्हणजे १६० पानं, आणि माझी झाली होती १६३. तीन पानांसाठी अख्खा फर्मा वाढवायचा की दोन कृती काढायच्या? काढल्या. त्यातली एक सासूबाईंची होती. त्यांनी महिनाभर विषय काढला नाही, मग एके दिवशी सहज म्हणाल्या, ‘पुढच्यात पहिल्या पानावर घे.’ घेतली.

पैशांचं विचाराल तर पहिल्या पुस्तकाचा खर्च निघायला दोन वर्षं लागली. पुस्तकांवर घर चालत नाही, टोपल्यांवर चालतं. पण पुस्तक वाचून टोपली लावणारी घरं वाढली, आणि एखादं पीक बुडालं त्या हंगामात पुस्तकांच्या विक्रीने बियाण्याचा खर्च उचलला. दोन्हींच्या वह्या वेगळ्या ठेवतो, हे फार उशिरा शिकलो.

चौथ्या पुस्तकाचं काम चालू आहे. गेल्या हंगामात फरसबीचं बी नीट उगवलं नाही, त्यामुळे ते प्रकरण रिकामं आहे. नवीन बी परवा टोकलं. सगळं सुरळीत झालं तर ५०-६० दिवसांनी पहिल्या शेंगा येतील, त्यानंतर तीन चाचण्या, त्यातली एक भावजींची. छापखान्याने तारीख मागितली होती. मी म्हटलं, आधी उगवू दे.