पायातली निळसर पट्टी

रश्श्यासाठी बोकडाचे पाये घेताना एक नग बाजूला काढून ठेवायला सांगा. जनावर वर्षाच्या आतलं हवं आणि पाया न भाजलेला हवा. केस काढायला तो जाळावर धरला, की त्या आचेनं नेमकं बघायचं तेच बिघडतं. सत्तूरनं नळी उभी फोडली की खालच्या टोकाला, दोन बोंडांच्या जरा वर, निळसर पांढरी आडवी पट्टी दिसते. हाडाची लांबी वाढते ती इथून. म्हाताऱ्या बोकडात ती हाडात विरून गेलेली असते, शोधण्यात वेळ घालवू नका.

पट्टी कूर्चेची, म्हणजे आपल्या भाषेत कवळ्या हाडाची. कूर्चेत 65 ते 80 टक्के पाणी असतं, तरी बोटानं दाबून ते निघत नाही. धरून ठेवतं अॅग्रिकन हे प्रोटिओग्लायकन, म्हणजे साखरेच्या साखळ्या जडलेलं प्रथिन. मधे लांब प्रथिन आणि त्याला कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या शंभरेक साखळ्या, बाटली घासायच्या ब्रशासारख्या. असे कितीतरी ब्रश हायलुरोनन या लांब साखर-रेणूच्या एकाच दोऱ्यावर बसतात. प्रत्येक जोडावर लिंक प्रथिनाची खिट्टी असते. सल्फेटचा ऋणभार सोडियमला ओढतो आणि सोडियमच्या मागं पाणी येतं. फुगू पाहणाऱ्या या गोळ्याला कोलॅजनचे धागे आवळून धरतात. ताठपणा येतो तो या ओढाताणीतून.

पेशींना चवडीसारखं एकावर एक रचायला आणि शेवटी फुगायला जागा मिळते तीही इथंच. कोंबडीच्या नॅनोमेलिया या दोषात अॅग्रिकनचं प्रथिन अर्धवट बनतं, पेशीबाहेर पडतच नाही. मग कूर्चेत पेशी दाटीवाटीनं बसतात, पाय आखूड राहतात आणि पिल्लू अंड्यातच मरतं. माणसात सल्फेट पेशीत आणणारी वाहिनी बिघडली तर डायस्ट्रॉफिक डिस्प्लेशिया हा हाडांची वाढ खुंटवणारा आजार होतो. तिथं साखळ्या असतात, पण त्यांच्यावर भार कमी पडतो. कूर्चेतल्याच पर्लेकन या दुसऱ्या प्रोटिओग्लायकनचं काम निराळं: हेपरान सल्फेटच्या साखळ्यांवर वाढीचे संदेश देणारी प्रथिनं अडकवून ठेवायची.

सल्फेटचा हा ऋणभार डोळ्यांनी बघता येतो. ताज्या पट्टीची ब्लेडनं होईल तितकी पातळ चकती काढा. टोल्युइडिन ब्लू या निळ्या रंगाचं 0.1 टक्का द्रावण करा, त्यात अॅसेटिक आम्लाचे थेंब टाकून सामू 4 च्या आसपास आणा. दोन-तीन मिनिटं बुडवून धुवा. हाड निळं राहतं, कूर्चा जांभळी-गुलाबी होते, कारण भार इतके दाट की रंगाचे रेणू एकमेकांना चिकटून बसतात.

पाणी मात्र डिस्टिल्डच घ्या. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी घेतलं तर क्षार त्याच भारांवर बसतात, बायकार्बोनेटनं सामूही वर सरकतो, आणि जांभळा रंग फिका पडतो. अल्कोहोलमधे फार वेळ ठेवलं तरी जांभळेपणा जातो, नुसता निळा उरतो. म्हणून चकती ओली असतानाच बघून घ्या.