न तपासलेली वही

मी विशेष शिक्षिका आहे. परीक्षेत मुलाच्या वतीने उत्तरं लिहिणाऱ्या लेखनिकाचा अर्ज भरून घ्यायला गेल्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत गेले होते. मुलगा नववीतला, अध्ययन अक्षमतेचं (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे एलडी; बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाणं) प्रमाणपत्र मिळालेला. तिथे जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही.

वडील द्राक्षबागेत मजुरीला. त्यांना प्रमाणपत्र नकोच होतं. "अपंगाचा शिक्का कशाला, मॅडम? उद्या पोरीचं लग्न जमवायचंय." पोरगा मात्र आठवडाभराच्या मजुरीचा हिशेब तोंडी चोख करायचा. तोच हिशेब लिहायला सांगितला की सगळं कोसळायचं. 'त्रेचाळीस' म्हटलं की 34 लिहायचा. मराठीत आपण एकक आधी बोलतो, दशक नंतर. पहिली-दुसरीत बरीच मुलं अडखळतात, हळूहळू सावरतात. हा नववीतही सावरला नव्हता. रफार त्याला सापडतच नसे. 'कर्म' आणि 'क्रम' एकच. अशी अडचण ओळखायची डाली ही चाचणी मराठीत आहे, पण पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी. मोठं मूल आलं की मी त्याच्या वह्याच पसरून बसते, कुठे काय चुकतं याची यादी करते. या मुलाची यादी दोन पानं भरली.

दहावीत जादा वेळ आणि लेखनिक मिळेल हे कळल्यावर वडील तयार झाले.

आणि आता शाळेत वर्गशिक्षिका मला सांगत होत्या, "त्याची काळजीच करू नका. एलडी आहे ना तो, मी त्याला काहीच बोलत नाही आता." बाई मनाने वाईट नाहीत, वर्गात साठ पोरं आहेत. मी वही मागितली. जूनची पानं लाल शाईने भरलेली. प्रमाणपत्राची प्रत शाळेत पोचली तिथून पुढे एक टिंबसुद्धा नाही. 'वर्तुळ' हा शब्द एकाच पानावर सहा वेळा 'वतुर्ळ', आणि कुणी खूण केलेली नाही.

व्हरांड्यात मुलगा म्हणाला, "आधी बाई ओरडायच्या, पण वही बघायच्या."

महाराष्ट्रात या मुलांना परीक्षेत सवलती आहेत 1996 पासून. 2016 च्या कायद्याने अध्ययन अक्षमता दिव्यांगत्वाच्या यादीत आली. या दोन्ही गोष्टींसाठी पालकांनी आणि डॉक्टरांनी खूप खस्ता खाल्ल्या आहेत. प्रमाणपत्र नसतं तर हा मुलगा दहावीत गळला असता, याबद्दल मला शंका नाही. पण सगळी व्यवस्था मार्चच्या पेपरापाशी येऊन थांबते. त्याला रफार कोण शिकवणार, हे त्या कागदावर कुठेच नसतं. आळशी म्हणून बसणारा मार थांबला, ही मोठी गोष्ट; त्याबरोबर शिकवणंही थांबावं, हे मला मान्य नाही.

बाईंशी एवढंच ठरवलं, की रोज त्याचे पाच शब्द तपासायचे, फक्त रफाराचे. त्या हो म्हणाल्या आहेत.

प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयाचं, त्यात मला काही बदलता येत नाही. पण शाळेला जाणारा अहवाल मी लिहिते. त्यात निदान सर्वांत वर असतं आणि वाचणारा तिथेच थांबतो. आता शिफारशी पहिल्या पानावर घेऊन निदान शेवटी टाकायचं मी ठरवलंय. मुख्याध्यापक म्हणतात, असा अहवाल फाइलला चालणार नाही. त्याच शाळेतल्या आणखी दोघांचे अहवाल सोमवारी द्यायचे आहेत. ते मी असेच देणार आहे.