दादाचं लिथियम, किडनी आणि मे महिना

दादाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं कधी फार खचतं तो आजार, आणि त्यासाठी लिथियमची गोळी चालू होऊन बरीच वर्षं झाली. देवगडला घरी गेलं की कोणीतरी भेटतंच, अगो त्या गोळीने किडनी जाते म्हणे, बंद करा ती. आता यात अगदीच तथ्य नाही असं नाही. लिथियम जवळजवळ सगळं किडनीवाटेच बाहेर पडतं आणि दहा-वीस वर्षं घेतलं की काही जणांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, हळूहळू वर सरकतं, पण डायलिसिसपर्यंत जाणारे फार थोडे.

दादाची तहान मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली. रात्रीत उठून उठून मागच्या पडवीतून संडासला जायचं, पावसात हातात बॅटरी घेऊन, आणि आल्यावर परत घटाघटा पाणी. काकी म्हणाली साखर बघा, साखर नॉर्मल! पाणी राखून ठेव असा जो निरोप मेंदूकडून हार्मोनमधून जातो तो लिथियममुळे किडनी मानतच नाही, याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात, साखरेशी काही संबंध नाही. म्हणून कृपा करून अशा माणसाला पाणी कमी पी सांगू नका, अंगातलं पाणी आटलं की लिथियम रक्तात साठतं.

आणि खरी भीती मला मे महिन्याची वाटते. आंबा काढणी, घामाच्या धारा, त्यात कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक नाहीतर आयबुप्रोफेन अशी दुखण्याची गोळी, झालं, रक्तातली लिथियमची लेव्हल वर! बीपीच्या काही गोळ्यांनी, जुलाबांनी, मीठ एकदम तोडल्यानेही तेच होतं. हात जास्त थरथरले, उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

लेव्हल तपासायची ती रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता. एकदा लॅबवाल्याने हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं, त्यात रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपरिनच असतं, मग लेव्हल खोटीच जास्त आली आणि घरात नुसता गोंधळ. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन, थायरॉइड, कॅल्शियमही बघतो.

यंदा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, थोडा उतरला. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि सगळ्या गोळ्या रात्री एकदमच दिल्या. स्वतःहून बंद करायचा विषयच नाही, मागे मेनियात, म्हणजे मन फार चढलेलं असताना, हा आंब्याची कलमं विकायला निघालेला, आई अजून ते नाव काढत नाही. पुढचे रिपोर्ट गणपतीच्या आधी काढायचेत, ते घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे कोल्हापूरला जाऊ मग बघू काय म्हणतात.