मुलांसह फ्लोरेन्स: चार दिवस, रोज एकच मोठे ठिकाण

दिवाळीच्या सुटीत आम्ही पुण्याहून इटलीला गेलो, तेव्हा चार दिवस फ्लोरेन्ससाठी राखून ठेवले होते. बरोबर नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि माझ्या सासूबाई होत्या. ते शहर चित्रांचे आणि चर्चचे आहे, मुले तेथे कंटाळतील, असे निघण्यापूर्वी अनेकांनी सांगितले होते. मुले कंटाळली ती फक्त पहिल्या दिवशी, कारण त्या दिवशी आम्ही सकाळी आक्कादेमिया आणि दुपारी उफ्फीत्सी अशी दोन संग्रहालये एकामागून एक ठेवली होती. मायकेलअँजेलोने घडवलेला डेव्हिडचा पाच मीटरांहून उंच पुतळा दोघांनीही मन लावून पाहिला. मुलाने तर त्याच्या उजव्या हातावरच्या शिरा शोधून दाखवल्या. उफ्फीत्सीत मात्र चौथ्या दालनापर्यंत जाईतो तो जमिनीवर बसला, आणि बोत्तिचेल्लीची चित्रे कशीबशी पाहून आम्ही बाहेर पडलो. त्यानंतर आम्ही रोज तिकिटाचे एकच ठिकाण, तेही सकाळी, असा नियम केला आणि दुपार रस्ते, चौक आणि बागा यांसाठी मोकळी ठेवली. पुढचे तीन दिवस या एका बदलामुळे सुखाचे गेले.

ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही, मग मुले कोणत्याही देशाची असोत. मात्र मुलांचे पासपोर्ट जवळ ठेवावेत आणि मोफत तिकिटाचीही वेळ आधी आरक्षित करावी. महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांनाच प्रवेश मोफत असतो, पण त्या दिवशीच्या रांगा लहान मुलांना झेपणाऱ्या नसतात.

दुसऱ्या दिवशी मुख्य चर्चचा, म्हणजे दुओमोचा घुमट ठरला होता. फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात हा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न उभारता बांधला. वर जाणाऱ्या 463 पायऱ्या घुमटाच्या आतल्या आणि बाहेरच्या कवचांच्या मधून जातात. ठराविक अंतरावर उभ्या विटा बसवून त्यांच्या आधाराने बाकीच्या विटा जागच्या जागी कशा धरून ठेवल्या, हे वर चढताना भिंतीत डोळ्यांनी दिसते. पर्वतीच्या शंभर पायऱ्या रोज चढणाऱ्या वडिलांबरोबर मुलीने ही चढण आनंदाने पार केली. परंतु पायऱ्या अरुंद आहेत, लिफ्ट नाही आणि मध्येच माघारी फिरणे जवळजवळ अशक्य आहे. घुमटाच्या आतल्या बाजूला अंतिम न्यायाचे प्रचंड भित्तिचित्र असून वाट त्याच्या अगदी जवळून जाते, आणि त्यातले नरकातले राक्षस लहान मुलांना भिववू शकतात. सात वर्षांखालील मुलांना वर नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ठरलेल्या वेळेचे आरक्षण येथेही आवश्यक आहे.

मुलगा आणि मी खाली थांबलो, आणि त्याचीही सकाळ वाया गेली नाही. 1600 साली वीज पडून घुमटाच्या टोकावरचा सोनेरी गोळा खाली कोसळला होता. तो जेथे पडला, त्या चर्चच्या मागच्या बाजूच्या फरसबंदीत संगमरवराची एक पांढरी गोल चकती बसवलेली आहे. ती शोधायला त्याला पंधरा मिनिटे लागली, आणि सापडल्यावर गोळा कोणत्या बाजूने घरंगळत आला असेल याचा त्याने वर पाहून बराच वेळ अंदाज घेतला. ज्यांची मुले वर जाणार नाहीत त्यांनी हा शोध अवश्य करावा.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले ठिकाण मात्र तिसऱ्या दिवशीचे होते, आणि पर्यटकांच्या यादीत ते बहुधा नसते. दुओमोपासून थोड्याच अंतरावर ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती हा जुना अनाथाश्रम आहे. त्याच्या ओवऱ्यांचा आराखडाही ब्रुनेलेस्कीचाच. 5 फेब्रुवारी 1445 रोजी येथे पहिले बाळ दाखल झाले. ती मुलगी होती आणि संत आगाथाच्या सणाचा दिवस म्हणून तिचे नाव आगाता ठेवले गेले. कमानींच्या वर आंद्रेआ देल्ला रोब्बियाने घडवलेली निळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी बाळे आहेत, दुपट्यांत गुंडाळलेली. आतल्या संग्रहालयात छोटे छोटे कप्पे आहेत आणि ते मुलांना स्वतः उघडता येतात. मूल सोडून जाताना आईने त्याच्याजवळ ठेवलेली खूण प्रत्येक कप्प्यात आहे: अर्धे तोडलेले पदक, मणी, फितीचा तुकडा. उरलेला अर्धा भाग आईजवळ राहत असे, पुढे कधी परत येऊन आपले मूल ओळखता यावे म्हणून. माझ्या मुलीने एकेक कप्पा उघडला आणि प्रत्येक वेळी विचारले की ही आई परत आली का. सासूबाई एका बाकावर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. येथे गर्दी नव्हती. मुलांशी आधी थोडे बोलून मगच त्यांना न्यावे, पण न्यावेच.

दुपारी 'मेर्कातो नुओवो' या बाजारातल्या ब्राँझच्या रानडुकराच्या नाकावर हात घासून त्याच्या तोंडात नाणे ठेवण्याचा खेळ दोघांनी तीन वेळा केला. मूळ शिल्प सतराव्या शतकातले, पिएत्रो ताक्काचे, आणि ते आता संग्रहालयात आहे. बाजारातली प्रतिकृती आहे. पावसाचा दिवस असेल तर गॅलिलिओच्या नावाचे विज्ञान संग्रहालय आहे, तेथे त्याच्या दुर्बिणी आणि काचेच्या कुपीत जपलेले त्याचे बोट पाहायला मिळते.

जेवणाची चिंता शाकाहारी कुटुंबांना वाटते तेवढी करू नये. टोमॅटोचा पास्ता सर्वत्र मिळतो, आणि पाव व टोमॅटो शिजवून केलेले 'पाप्पा आल पोमोदोरो' सासूबाईंना मऊ म्हणून फार आवडले. सूप मागवताना मात्र ते मांसाच्या पाण्यात शिजवले आहे का, हे विचारावे. तोस्काना म्हणजे फ्लोरेन्सच्या आसपासचा प्रांत, तिथला पाव बिनमिठाचा असतो, तो बिघडलेला नसतो. खरी अडचण वेळेची आहे. बहुतेक खानावळी दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडत नाहीत, तोवर मुले भुकेने रडकुंडीला येतात. म्हणून पिशवीत काहीतरी ठेवावे. बिलात माणशी लावलेले 'कोपेर्तो' ही चूक नसून टेबलाची रीतसर आकारणी आहे. पालात्सो वेक्यो या जुन्या नगरभवनाजवळ पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक नळ आहे. बाटल्या तेथेच भराव्यात. गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की जुन्या शहरात परवानगीविना वाहन नेल्यास कॅमेऱ्यात नोंद होऊन दंड येतो. आम्ही रोमहून रेल्वेने आलो, साधारण दीड तास लागला.

चौथा दिवस आम्ही एका मराठी माणसासाठी ठेवला होता. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडचा प्रवास करून परतताना फ्लोरेन्सला आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तेथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी फ्लोरेन्स ही इटलीची राजधानी होती. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले, आणि 1874 मध्ये त्या जागी एक छत्री उभारली गेली, तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा ज्यांनी केला त्यांचाच. फ्लोरेन्सचे लोक या स्मारकाला 'इंदियानो' म्हणतात, आणि शेजारच्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे.

हे स्मारक काशीने नावाच्या उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे. रेल्वे स्थानकाजवळून टी-1 ट्रामने उद्यानाच्या पूर्व टोकाला उतरता येते, पण तेथून चालणे तीन किलोमीटरांच्या आसपास आहे. सपाट, झाडांखालचा रस्ता असल्याने मुलांना चालता आले, सासूबाईंना मात्र आम्ही टॅक्सीने पुढे पाठवले. मुलीने छत्रीपाशी वजाबाकी केली आणि महाराजांचे वय अवघे वीस होते हे तिच्या लक्षात आले. तिचा मोठा मामेभाऊ तेवढाच आहे. सासूबाई माहेरच्या कोल्हापूरच्या. त्यांनी पुण्याहून आणलेली हळदकुंकवाची पुडी कुंपणापाशी ठेवली, हात जोडले, आणि दोन्ही नातवंडांना पुतळ्याचे पागोटे नीट पाहायला सांगितले. ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळे एक तास मागे जातात आणि अंधार लवकर पडतो, म्हणून येथे दुपारी दोनच्या आतच पोहोचावे आणि उजेड असतानाच ट्रामपाशी परतावे.